दिव्यांगांचं निराधार अनुदान थांबलंय? पैसे नेमके कुठे अडकलेत ते शोधायची पद्धत

संजय गांधी निराधार योजनेचा पगार एक-दोन महिने आला नाही की आपल्याकडे ठरलेला खेळ सुरू होतो. लोक सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून तहसीलला देतात. तिथे सांगतात, बँकेत विचारा. बँक म्हणते, वरूनच आले नाहीत. शेवटी कोणीतरी सेतूत जाऊन नवीन फॉर्म भरायला सांगतं, त्याचे पैसेही घेतं, आणि पगार काही येत नाही.

माझा धाकटा भाऊ बहुविकलांग आहे. त्याचं अनुदान मी बघतो आणि आता गावातले इतर लाभार्थीही पासबुक घेऊन माझ्याकडे येतात. एवढ्या सगळ्यांचं बघून एक कळलं: पैसे ‘सरकारकडे’ अडकलेत असं म्हणून काही हाती लागत नाही. ते मोजक्या चार-पाच ठिकाणीच अडकतात आणि प्रत्येक ठिकाणचा इलाज वेगळा असतो. घरातून निघण्याआधी ठिकाण शोधायचं, मग त्याच दारात जायचं. हा लेख तेवढ्यासाठीच आहे.

आधी पैशांचा रस्ता समजून घ्या. पूर्वी तहसील कार्यालय याद्या बँकेला पाठवायचं आणि बँक खाते क्रमांक बघून रक्कम जमा करायची. २०२४ च्या अखेरीपासून हे अनुदान डीबीटीने, म्हणजे राज्याकडून थेट लाभार्थ्याच्या खात्यात येऊ लागलं. यात पैसे पाठवताना तुमचा आधार क्रमांक बघितला जातो. तो क्रमांक कोणत्या बँकेशी जोडलाय याची नोंद एनपीसीआय या, बँकांमधली देवाणघेवाण चालवणाऱ्या संस्थेकडे असते आणि पैसे त्या बँकेत जातात. तुम्ही अर्जात लिहिलेलं खातं कोणतं, याला आता फारसा अर्थ उरलेला नाही. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे आहे.

१. फक्त तुमचाच थांबलाय का, ते बघा

गावातल्या आणखी दोघा-तिघांना विचारा. पण विचारताना एक लक्षात ठेवा: या योजनेचा निधी सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली येतो. त्यामुळे शेजाऱ्याचा आला आणि तुमचा आला नाही, तर तुमच्यात दोष आहेच असं नाही. तुमच्या शीर्षाचा निधी मागे राहिलेला असू शकतो. विचारायचं ते आपल्याच प्रवर्गातल्या, आपल्याच योजनेतल्या माणसाला. संजय गांधी, श्रावणबाळ आणि इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन या तीन वेगळ्या योजना आहेत. शेवटच्या योजनेत केंद्राचा वाटा ३०० रुपयांचा असतो, बाकी राज्य घालतं. म्हणून पासबुकात दोन तुकडे दिसले तर घाबरू नका. एकच तुकडा दिसत असेल, तर दुसरा येईपर्यंत थोडं थांबा.

सगळ्यांचाच थांबला असेल तर धावपळ करू नका. निधी आला की येईल. तुमचा एकट्याचाच थांबला असेल, तर पुढे वाचा.

२. एक फाईल करा

प्लॅस्टिकची साधी फाईल पुरे. तिच्यात हे ठेवा:

- आधार कार्ड, आणि आधारला जोडलेला मोबाइल कोणाकडे आहे त्याची चिठ्ठी (हसू नका, निम्म्या घरांत तो मुंबईला गेलेल्या मुलाकडे असतो)
- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) आणि दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र
- योजना मंजुरीचा आदेश किंवा पत्र; नसेल तर मंजुरीचं वर्ष आणि यादीतला क्रमांक
- ताजं भरलेलं पासबुक, घरातल्या सगळ्या खात्यांचं
- उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, रहिवासाचा पुरावा
- शेवटचा हयातीचा दाखला दिल्याची पोच
- आजवर दिलेल्या प्रत्येक अर्जाची आवक शिक्का असलेली प्रत

आदेशाची प्रत बहुतेकांकडे नसते. ती संगायो शाखेतून मागून घ्या. ‘संगायो’ म्हणजे तहसीलमधली संजय गांधी योजनेची शाखा. मोठ्या तालुक्यांत तिला स्वतंत्र तहसीलदार किंवा नायब तहसीलदार असतात.

३. पासबुक नीट वाचा

बँकेत जाऊन एंट्री मारून घ्या आणि काउंटरवरच उभं राहून वाचा. अनुदानाच्या ओळीत बहुधा डीबीटी, एपीबीएस किंवा एनएसीएच अशी काहीतरी अक्षरं असतात. शेवटची अशी ओळ कोणत्या तारखेची आहे ते बघून तिथे पेनने खूण करा. मागच्या सहा महिन्यांत बँकेने कापलेल्या रकमा आहेत का तेही बघा. एसएमएस शुल्क आणि विम्याचे हप्ते कापून पगार ‘कमी आला’ असं वाटल्याची उदाहरणं रोज दिसतात. वर्षाला ४३६ रुपयांची जीवनज्योती आणि २० रुपयांची सुरक्षा विमा योजना बऱ्याच जनधन खात्यांना लावलेली असते. नको असेल तर बँकेला लेखी द्या.

४. संगायो शाखेत तीनच प्रश्न विचारा

‘माझा पगार का नाही’ असं विचारलं की उत्तर ‘येईल’ असंच मिळतं. ऑपरेटरला तुमच्या आधार क्रमांकावरून नोंद उघडायला सांगा आणि विचारा:

- माझी नोंद चालू आहे, थांबवलेली आहे की बंद केलेली आहे?
- माझ्या आधारची पडताळणी झाली आहे का?
- शेवटचा हप्ता कोणत्या महिन्याचा पाठवला, आणि परत आला असेल तर त्यापुढे कारण काय लिहिलंय?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं आहे. पडद्यावर कारण इंग्रजीत येतं. ते जसंच्या तसं उतरवून घ्या, जमलं तर पडद्याचा फोटो काढायची परवानगी मागा. आधार मॅप नाही, खातं बंद, खातं गोठवलेलं, केवायसी बाकी, आधार निष्क्रिय: यांपैकी काहीतरी असतं. मॅप नाही असं असेल तर पायरी पाच, खात्याची भानगड असेल तर सहा, आधारची असेल तर सात. नोंदच थांबवलेली असेल तर आठ आणि नऊ.

विशेष सहाय्य योजनांचं राज्याचं पोर्टल आहे आणि लाभार्थ्याची स्थिती तिथेही बघता येते. पण आधारला मोबाइल जोडलेला नसेल तर ओटीपी येत नाही आणि काम तिथेच थांबतं. शिवाय महिन्याच्या सुरुवातीला संकेतस्थळ रडतं. सकाळी लवकर किंवा रात्री उशिरा प्रयत्न करा.

एक सावधगिरीची गोष्ट. पगार थांबला म्हणून नवीन अर्ज भरू नका, सेतूवाल्याने कितीही आग्रह केला तरी. जुनी नोंद असताना त्याच आधारवर दुसरा अर्ज पडला, तर पुन्हा तलाठ्याचा चौकशी अहवाल, पुन्हा समितीची बैठक असं शेपूट मागे लागू शकतं. जुनी नोंद दुरुस्त करणं जवळजवळ नेहमीच सोपं असतं. नवीन अर्ज तेव्हाच, जेव्हा शाखा लेखी सांगेल की नोंद कायमची बंद झाली आहे.

५. आधार ‘लिंक’ आहे, पण ‘सीडिंग’ आहे का?

बँकेत विचारलं की कर्मचारी सांगतो, ‘तुमचं आधार लिंक आहे.’ तो खोटं बोलत नसतो. खातं उघडताना केवायसीसाठी आधार दिलेलं असतं, तेच त्याला दिसतं. डीबीटीला लागतं ते वेगळं: तुमचा आधार क्रमांक एनपीसीआयच्या यादीत त्या बँकेच्या नावावर चढलेला असणं. त्याला सीडिंग किंवा मॅपिंग म्हणतात. पहिलं असलं म्हणजे दुसरं असतंच असं नाही.

तपासायचं घरबसल्या. ‘माय आधार’ संकेतस्थळावर आधार क्रमांक आणि ओटीपीने लॉगिन करा, तिथे ‘बँक सीडिंग स्टेटस’ असा चौकोन आहे. त्यावर बँकेचं नाव, स्थिती चालू की बंद, आणि शेवटचा बदल कधी झाला ती तारीख दिसते. खाते क्रमांक दिसत नाही. बँकेचं नाव वाचून लोकांना धक्का बसतो तो इथेच.

कारण एका वेळी एक आधार एकाच बँकेशी जोडलेला राहतो, आणि शेवटी जिथे संमती दिली ती बँक धरली जाते. पत्ता बदलल्याचं पोस्टात कळवलं की पत्रं नव्या घरी जाऊ लागतात, तसंच. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या गर्दीत गावोगावच्या बायांनी नवीन खाती उघडली, पुष्कळशी पोस्ट पेमेंट्स बँकेत, कारण तिथे लगेच डीबीटी सुरू करून मिळत होतं. काहींनी गॅसच्या सबसिडीसाठी, काहींनी शेतकरी सन्मानच्या हप्त्यासाठी आणखी कुठे संमती दिली. मग निराधारचा पगार डीबीटीने यायला लागला तेव्हा तो त्या नव्या खात्यात गेला. बाई मात्र जुन्या बँकेच्या ओट्यावर बसून होती. म्हणूनच वर म्हटलं, घरातली सगळी पासबुकं भरून आणा. ‘थांबलेला’ पगार दुसऱ्या खात्यात महिनोन्‌महिने साठलेला सापडणं ही अजिबात दुर्मीळ गोष्ट नाही.

(ओघाने: ज्या महिलेला निराधारचे दीड हजार किंवा जास्त मिळतात, ती लाडकी बहीणसाठी पात्र ठरत नाही. दोन्हीकडे नाव असेल तर पडताळणीत एक थांबणार. दिव्यांग महिलेला निराधारची रक्कम आता जास्त आहे, तेव्हा कोणतं ठेवायचं ते उघड आहे.)

आता दुरुस्ती. दोन मार्ग आहेत.

पहिला: पैसे ज्या बँकेत जातायत तीच बँक तुम्हाला चालत असेल, तर काहीच करू नका. तिथूनच काढा. विनाकारण बदलाबदली केली की मधल्या काळात एखादा हप्ता परत जातो.

दुसरा: बदलायचंच असेल तर हव्या त्या बँकेत जाऊन आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरा. हा एका पानाचा फॉर्म असतो आणि त्यातली एक जागा लोक कोरी सोडतात: ‘आधी कोणत्या बँकेत सीडिंग होतं’ ती. तिथे जुन्या बँकेचं नाव लिहा. जिथे डीबीटीसाठी एनपीसीआयकडे नोंद करण्याची संमती आहे, त्या चौकटीवर खूण केल्याची खात्री करा. नुसत्या केवायसीच्या चौकटीवर केली तर तुम्ही पुन्हा ‘लिंक’ होता, सीडिंग होत नाही. फॉर्मच्या खालचा पोचपावतीचा तुकडा सही-शिक्क्यानिशी फाडून घ्या. चार-पाच दिवसांनी माय आधारवर पुन्हा बघा. नाव बदललेलं दिसलं की झालं.

ऑनलाइन करायचं असेल तर एनपीसीआयच्या संकेतस्थळावर ‘भारत आधार सीडिंग एनेबलर’ नावाची सोय आहे. नवीन जोडणी, एका बँकेतून दुसरीकडे हलवणं आणि जोडणी काढणं, तिन्ही तिथून होतं. मात्र सगळ्या बँका त्यात नाहीत. सहकारी बँक किंवा छोटी जिल्हा बँक असेल तर सरळ शाखेत जा.

६. खातंच आजारी असेल तर

सीडिंग बरोबर आहे, पैसे निघाले, तरी बँकेने परत पाठवले. असं होण्याची नेहमीची कारणं:

*केवायसी बाकी.* कमी जोखमीच्या खात्याला दहा वर्षांनी केवायसी नव्याने द्यावी लागते. जनधन खाती २०१४ पासून उघडली, त्यामुळे त्या लाटेतली पुष्कळ खाती आता याच फेऱ्यात आहेत. पत्ता तोच असेल तर साधं स्वयंघोषणापत्र चालतं, नवीन कागद लागत नाहीत. हे बँकेला आठवण करून द्यावं लागतं.

*छोटं खातं.* पूर्ण कागदांशिवाय उघडलेल्या छोट्या खात्यात शिल्लक ५० हजारांच्या वर जाता येत नाही (सरकारी अनुदान जमा होताना ही शिल्लकेची मर्यादा धरायची नसते) आणि वर्षभरात जमा एक लाखाच्या वर होत नाही. मागची थकबाकी एकदम आली किंवा घरकुलाचा हप्ता याच खात्यात पडला, की वर्षभराच्या जमेची मर्यादा ओलांडू शकते आणि पुढचा पगार परत जातो. पूर्ण केवायसी दिली की हे साधं खातं होतं.

*निष्क्रिय खातं.* दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. पण रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या सूचनांप्रमाणे सरकारी योजनांची रक्कम जमा होण्यासाठी उघडलेली खाती या कारणाने निष्क्रिय करायची नसतात. आणि निष्क्रिय खातं पुन्हा चालू करायला बँक पैसे घेऊ शकत नाही. कोणी मागितले तर हसून पावती मागा.

*अठरा पूर्ण.* यावर जरा थांबतो, कारण हे आमच्या घरी घडलं. दिव्यांग मूल लहान असतं तेव्हा खातं पालकांसह मायनर म्हणून उघडलेलं असतं. अठरावा वाढदिवस गेला की बँकेची प्रणाली त्या खात्यातून पैसे काढणं अडवते. त्याने स्वतः सही किंवा अंगठा देऊन खातं आपल्या नावावर करून घ्यायचं असतं. भावाच्या बँकेने सांगितलं, ‘याला कळत नाही, न्यायालयातून पालकत्व आणा.’ एवढ्या लांब जायची गरज नव्हती. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते, आणि ते बँकेत चालतं. अर्ज वाढदिवसाच्या आधीच तयार ठेवा. मात्र ज्या माणसाचे फक्त हातपाय चालत नाहीत, बुद्धी शाबूत आहे, त्याच्यासाठी पालकत्व मागणारी बँक चुकते आहे. त्याचं खातं तो स्वतः चालवू शकतो. अंगठाही देता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा किंवा एखादी खूण चालते. ओळख पटवायला दोन साक्षीदार लागतात, त्यांतला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेची ही जुनी सूचना आहे. बऱ्याच शाखांत ती माहीतच नसते, म्हणून अर्जातच लिहून द्या.

शाखेत जाणं शक्यच नसेल तर घरपोच सेवा मागा. सत्तरीपुढच्या आणि दिव्यांग ग्राहकांना ती द्यावी असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलंय. गावपातळीवर बँकमित्र येतो; त्याच्या मशीनवर अंगठा उमटला नाही तर ‘पैसे नाहीत’ असं धरू नका. व्यवहार फसल्याची आणि शिल्लक शून्य असल्याची पावती वेगवेगळी येते. पावती घेतल्याशिवाय उठू नका, आणि पैसे मोजल्याशिवाय दुसरा अंगठा देऊ नका.

७. आधारमधला घोळ

मंजुरी आदेशातलं नाव आणि आधारवरचं नाव यात फरक असेल तर पडताळणी फसते. माहेरचं आडनाव, वडिलांच्या नावाऐवजी नवऱ्याचं, ‘बाई’ लागलेलं-न लागलेलं, एवढ्यानेही. सोपा मार्ग म्हणजे आधार बरोबर असेल तर तहसीलच्या नोंदीतलं नाव आधारप्रमाणे करून घेणं. त्यासाठी साधा अर्ज आणि आधारची प्रत लागते. आधारच चुकलं असेल तर आधार केंद्र. नाव, पत्ता, मोबाइल यांच्या दुरुस्तीला ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहेत, बायोमेट्रिकला १२५. मोबाइल जोडायचं काम काही ठिकाणी पोस्टमनही घरी येऊन करतो; पोस्टात विचारा.

मोबाइल जोडताना घरातल्याच, रोज हाताशी असणाऱ्या माणसाचा नंबर द्या. ही एक गोष्ट केली तरी पुढची अर्धी कटकट टळते.

मुलांच्या बाबतीत पाचव्या आणि पंधराव्या वर्षानंतर बायोमेट्रिक नव्याने द्यावं लागतं. ते राहिलं तर आधार निष्क्रिय होऊ शकतं आणि पगार परत जातो. बोटं नसलेल्या, झिजलेल्या किंवा डोळ्यांची बुबुळं न उमटणाऱ्या व्यक्तीची नोंद अपवाद म्हणून करता येते. ‘होत नाही’ म्हणणाऱ्या केंद्रावर वेळ घालवू नका, १९४७ वर फोन करून तक्रार क्रमांक घ्या.

८. यूडीआयडी: लॉगिन, मुदत आणि अडीच हजार

दिव्यांग लाभार्थ्यांचं अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार करायचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला आणि ऑक्टोबरपासून तो लागू झाला. तुम्हाला अजून दीडच हजार येत असतील तर बहुधा तुमची नोंद विधवा, वृद्ध किंवा निराधार अशा दुसऱ्या प्रवर्गात आहे, किंवा यूडीआयडी जोडलेलं नाही. यूडीआयडीची प्रत अर्जासोबत संगायोला द्या आणि प्रवर्ग बदलल्याची खात्री पडद्यावर करून घ्या.

कार्डाचे रंग माहीत असू द्या: ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, ८० आणि वर निळं. पांढऱ्या कार्डावर हे अनुदान मिळत नाही.

यूडीआयडीच्या ‘स्वावलंबन’ पोर्टलवर लॉगिन होत नसेल तर आधी जन्मतारीख तपासा. आपल्याकडे जुन्या लोकांच्या आधारवर नुसतं वर्ष असतं आणि अर्ज भरणाऱ्याने १ जानेवारी ठोकून दिलेली असते. आधारवरची तारीख चालली नाही तर तीच टाकून बघा. कार्ड हरवलं असेल तरी ई-कार्ड तिथून उतरवता येतं. सॅडम या राज्याच्या जुन्या प्रणालीतल्या दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर वर्षानुवर्षं पगार घेणाऱ्यांनी यूडीआयडीसाठी अर्ज आताच करावा. पडताळणीची पाळी आली की जिल्हा रुग्णालयाची रांग लांबते.

आणि प्रमाणपत्रावर ‘तात्पुरतं’ लिहिलंय का ते बघा. त्यावर मुदतीची तारीख असते. मुदत संपायच्या तीन-चार महिने आधी पुनर्तपासणीचा अर्ज टाका. संपल्यावर टाकला तर मधले महिने भांडून घ्यावे लागतात.

दृष्टिहीन लाभार्थ्यांना चित्रातला कॅप्चा आणि चेहऱ्याची पडताळणी हे दोन मोठे अडसर आहेत. डोळे मिचकावता येत नाहीत म्हणून केवायसी अडलेल्या ॲसिडहल्ला पीडितांच्या आणि एका दृष्टिहीन व्यक्तीच्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला: डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीला पर्यायी पद्धती ठेवल्याच पाहिजेत. बँकेने ‘डोळे मिचकवा, नाहीतर होणार नाही’ म्हटलं तर या निकालाचा उल्लेख करून लेखी उत्तर मागा. सूर बदलतो.

९. हयात आणि उत्पन्न

दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि उत्पन्नाचा दाखला तहसील मागेल तेव्हा. दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार आहे, इतरांसाठी २१ हजार. सेतूतला माणूस सवयीने २१ हजारांचाच दाखला काढायला सांगतो. खरं उत्पन्न ४० हजार असेल तर ४० हजारांचाच काढा. ते नियमात बसतं आणि उद्या चौकशीत खोटं पडत नाही.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उचलून तहसीलला नेऊ नका. तलाठी, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी, घरी येऊन पाहणी करू शकतात. तसा अर्ज द्या.

१०. तोंडी बोलणं बंद, अर्ज सुरू

कारण कळलं, दुरुस्ती केली, तरी पुढच्या हप्त्याला पैसे नाहीत. आता कागद. अर्ज छोटा ठेवा:

*प्रति, मा. तहसीलदार, संजय गांधी योजना. विषय: माहे … ते माहे … चं अनुदान न मिळाल्याबाबत. मी … योजनेचा दिव्यांग प्रवर्गातला लाभार्थी असून मंजुरी आदेश क्रमांक … आहे. दिनांक … पासून माझं आधार … बँकेत सीडिंग झालेलं आहे, पुरावा जोडला आहे. माझ्या नोंदीवर सध्या कोणती त्रुटी आहे ते लेखी कळवावं आणि वरील महिन्यांची थकबाकी अदा करावी.*

‘कृपया लक्ष घालावं’ अशा ओळी नकोत. ‘त्रुटी लेखी कळवावी’ ही ओळ मात्र सोडू नका. दोन प्रती, एकीवर आवक क्रमांक.

उत्तर नाही आलं तर ‘आपले सरकार’च्या तक्रार निवारण प्रणालीवर तोच अर्ज चढवा, मग जिल्हाधिकारी कार्यालयातला लोकशाही दिन, महिन्याचा पहिला सोमवार. माहितीचा अधिकारही आहे: ‘माझ्या आधार क्रमांकावर गेल्या बारा महिन्यांत पाठवलेल्या हप्त्यांची तारीख, स्थिती आणि परत आल्याचं कारण’ एवढंच विचारा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो, दारिद्र्यरेषेखालच्या व्यक्तीला शुल्क नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. बँकेची चूक असेल तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, चौकशीचा क्रमांक १४४४८. आणि दिव्यांगत्वामुळेच कोणी सेवा नाकारली असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क अधिनियमाखाली पुण्यातल्या राज्य आयुक्तांकडे दाद मागता येते.

आमदारांच्या कार्यालयातून फोन करवून घेण्याचा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. तो चालतो, नाही म्हणत नाही. पण फोनने नोंदीतलं चुकीचं आधार सुधारत नाही.

११. या काळात कोणाला काय देऊ नये

पगार अडकलेल्या माणसाला फोन येतात. ‘निराधार विभागातून बोलतोय, ओटीपी सांगा, वाढीव हजार जमा करतो.’ तहसील कधीही ओटीपी विचारत नाही. व्हॉट्सॲपवर आलेली ॲपची फाईल उघडू नका. ‘थकबाकी काढून देतो, निम्मे माझे’ म्हणणारे गावातच भेटतात. त्यांच्याकडे एटीएम कार्ड किंवा पासबुक ठेवायला देऊ नका. पैसे गेलेच तर पहिल्या तासाभरात १९३० ला फोन करा.

१२. थकबाकीचा हिशेब

नोंद दुरुस्त झाली की चालू महिन्याचा पगार सुरू होतो आणि लोक खूश होऊन घरी जातात. मागचे महिने आपोआप येतीलच असं धरून चालू नका. आधार किंवा बँकेच्या त्रुटीने परत गेलेले हप्ते महिन्यांची नावं लिहून मागा. पोर्टलवर ‘परत’ दिसणारा प्रत्येक महिना अर्जात स्वतंत्र लिहा आणि पैसे आले की पासबुकातल्या ओळीसमोर तो महिना टिपून ठेवा. ऑक्टोबर २०२५ पासूनच्या महिन्यांना दीड हजार आले असतील, तर दर महिन्याचे उरलेले हजारही त्याच अर्जात मागा.